कस्तुरीच्या पायाची हळद

टांग्यांच्या शर्यतीत माझा अंदाज चुकला की लोक मला शिव्या घालतात. घालाव्यातच. पंचवीस वर्षं मी हे काम करतोय, आणि शर्यत संपल्यावर "मी सांगितलंच होतं" म्हणायची माझी खोड घरच्यांना तोंडपाठ आहे. पण त्या रविवारी मला जी भीती वाटली ती अंदाज चुकण्याची नव्हती. माझा अंदाज खरा ठरायचा तर कस्तुरी नावाची घोडी पळायला हवी होती, आणि तिने पळू नये म्हणून मी मनातल्या मनात देवाच्या विनवण्या करत होतो.

मी सावळीराम. सिन्नरला शाळेत पीटी शिकवायचो, म्हणून सगळे अजून मास्तर म्हणतात. आता पंचवटीत मुलीकडे असतो. घोड्यांचा नाद नोकरीत असतानाच लागला. बायको होती तोवर म्हणायची, माझ्याकडे एवढं निरखून कधी बघितलं नाही तुम्ही. खरंच होतं ते.

आमच्याकडची शर्यत म्हणजे मोठ्या शहरांतल्या रेसकोर्सवरची, टोप्या घालून दुर्बिणीतून बघायची भानगड नव्हे. हलका दोन चाकी टांगा, एक घोडा, वर एक हाकणारा, आणि मोकळ्या माळावर एक किलोमीटरची सरळ धाव. चार टांग्यांचा एक गट. सिन्नरच्या पुढे खैरीच्या माळावर खंडोबाच्या जत्रेत दरवर्षी ही शर्यत होते. आदल्या दिवशी मी सगळ्या घोड्यांपुढून फिरतो आणि कुठल्या गटात कोण पहिला येईल ते सांगतो. पूर्वी पारावर बसून सांगायचो. तीन वर्षांपासून माझी नात निकिता त्याचा व्हिडिओ करते आणि 'मास्तरांचा अंदाज' या नावाने मोबाइलवर टाकते. चाळीस हजार लोक बघतात. शाळेत चाळीस पोरं माझं ऐकत नव्हती, तिथे चाळीस हजार!

शनिवारी सकाळी आम्ही माळावर गेलो. पहिल्या गटात मी भगूरच्या पांढऱ्याला पसंती दिली. पाणी पिताना त्याचे कान मागेपुढे होत होते, म्हणजे घोडा जागा होता. दुसऱ्या गटात कुणीच धड नव्हतं, त्यातल्या त्यात ओझरचा तांबडा बरा. वासरांत लंगडी गाय शहाणी, असं म्हणणार होतो, पण वेळेवर जीभ चावली.

कारण तो शब्द तिथे चालत नाही. शर्यतीच्या आदल्या सकाळी प्रत्येक घोड्याला माळावरच्या खंडोबापुढे नेतात आणि पुजारी त्याच्या चारी पायांवर भंडारा उधळतो. ती हळद एकदा पडली की शर्यत होईपर्यंत त्या पायांना कुणी हात लावायचा नाही, हळद पुसायची नाही, आणि त्या जनावराबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही. एका वर्षी कुणाच्या तरी पाहुण्याने "ही खुर्ची लंगडी आहे" एवढंच म्हटलं, तर त्याला जत्रेतून हाकलून दिलं होतं. मीही त्या हाकलणाऱ्यांत होतो.

तिसऱ्या गटात मखमलाबादचा घोडा दिसायला राजबिंडा, पण जत्रेतल्या पिपाणीला बुजत होता. चौथ्या गटात आली कस्तुरी.

कस्तुरी योगेशशेठची. शेठचं हॉटेल आहे, द्राक्षांचा व्यापार आहे, आणि तबेला हा त्याचा जीव की प्राण, असं तो स्वतःच सांगतो. घोडी काळीभोर, मान ताठ, डोळे पाणीदार. चारी पाय पिवळे, पुढचा डावा तर गुडघ्याच्या जवळपर्यंत. मी निकिताच्या मोबाइलकडे बघून म्हणालो, "देवाचा हात हिच्या पायावर जरा जास्तच सढळ पडलाय!" जमलेली माणसं हसली. मला चेव आला. "आणि उभी कशी आहे बघा. डावा पाय पुढे टाकून, फोटोला उभ्या राहिलेल्या पाटलासारखी. चौथा गट हिचा. फायनलही हिचीच. लिहून ठेवा."

कस्तुरीला हाकणारा रविराज बाजूलाच उभा होता. तेवीस वर्षांचं पोर, अंगाने काडी, गेल्या मार्गशीर्षात लग्न झालेलं. त्याने वाकून माझ्या पायाला हात लावला. "मास्तर, तुमी पास केली ना, झालं मंग. आता म्या डोळे मिटून हाकतो."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मला फार बरं वाटलं होतं.

रविवारी साडेआठला मी पंचवटीत घरी चहात खारी बुडवत बसलो होतो. पहिला गट दहाला सुटायचा होता, कस्तुरीचा अकराच्या सुमारास. निकिता कालच्या व्हिडिओचा छोटा तुकडा करत होती आणि मला दिसावं म्हणून तिने तो टीव्हीवर लावला होता. स्वतःचा आवाज ऐकायला मला आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू.

"नाना," ती म्हणाली, "या पायाची हळद वेगळी का दिसते?"

"जास्त पडलीय. सांगितलंय की मी त्यात."

"जास्त नाही, वेगळी. बाकीच्या पायांवर भुकटी आहे. ही चिखलासारखी आहे. आणि ही बोटं उमटलीत बघा."

तिने चित्र थांबवलं आणि मोठं केलं. मी चष्मा लावून टीव्हीच्या पुढ्यात गेलो. तीन पायांवर भंडारा कसाही पडला होता, कुठे जास्त, कुठे नुसती झाक. चौथ्या पायावर जाड थर होता. वरची कड हाताने फिरवल्यासारखी सरळ. थराला वाळल्यावर पडतात तशा भेगा. रंगही पिवळाधमक नव्हता, मळकट तपकिरी होता.

हातातली खारी चहात पडली. ती आंबेहळद होती. मुका मार लागला की आंबेहळद आणि तुरटी उगाळून गरम लेप लावतात, हे नाशिक जिल्ह्यात शेंबडं पोरही सांगेल. कुणीतरी कस्तुरीच्या दुखऱ्या पायाला लेप लावून तिला तशीच देवापुढे नेली होती. वरून भंडारा पडला, आणि मग त्या पायाला हात लावायची कुणाची छाती होणार? शर्यतीआधी जनावरांचे डॉक्टर सगळे घोडे तपासतात, पण ते गुरुवारी. पाय त्यानंतर कधीतरी दुखावला असणार. चालताना ती लचकत नव्हती, म्हणजे दुखणं मारायची सुईही टोचली असणार.

आणि उभी कशी होती ती? पुढचा पाय दुखतो तो घोडा त्या पायावर भार टाकत नाही, तो पाय पुढे टाकून उभा राहतो. हे मी स्वतः पंचवीस वर्षं लोकांना शिकवतोय. काल मी त्याला पाटलाची ऐट म्हणालो. पूर्वी मी घोडा बघायचो आणि मग बोलायचो. आता मोबाइलकडे बघून बोलतो, घोडा नुसता मागे उभा असतो.

पळत्या टांग्याचा घोडा पुढच्या पायावर बसला तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. टांगा उलटतो आणि हाकणारा घोड्यावरून पुढे फेकला जातो. मागचे तीन टांगे थांबू शकत नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे रविराजची ती बारीक मान आली.

मग दुसरी गोष्ट आठवली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती.

"निकू," मी म्हणालो, "गेल्या वर्षीचा व्हिडिओ काढ. नवाबचा."

नवाबही योगेशशेठचाच घोडा. गेल्या वर्षी याच माळावर अर्ध्या धावेत तो कोसळला. हाकणारा होता लखन, त्या वेळचा आमच्या भागातला सगळ्यात चांगला हात. लखनचं कंबरेचं हाड मोडलं, मांडीत सळई बसली, आता काठी घेऊन चालतो. नवाबला संध्याकाळी डॉक्टरांनी सुई देऊन कायमचं झोपवलं. योगेशशेठने सगळीकडे सांगितलं की लखन पिऊन बसला होता, त्याने लगाम चुकीचा ओढला. आणि मी? मी दुसऱ्या दिवशी व्हिडिओत म्हणालो, "घोडा मी स्वतः पाहिला होता, घोड्यात खोट नव्हती. हात जड असला की घोडं बिचारं काय करणार." हात जड म्हणजे काय ते चाळीस हजार लोकांना बरोबर कळलं. त्यानंतर लखनला कुणी घोडा दिला नाही. तसाही तो घोड्याच्या जवळ जात नव्हता. नवाबला आपण मारलं, असं तो म्हणायचा. शर्यत भरवणाऱ्या खैरीच्या मंडळाने दया म्हणून या वर्षी त्याला शर्यतीच्या दिवशी माइकवर बसवलं होतं.

टीव्हीवर नवाब आला. मी त्याच्या शेजारी उभा राहून हातवारे करत होतो. पुढचा डावा पाय, गुडघ्याच्या खालपर्यंत, जाड, तपकिरी, भेगा पडलेला.

व्हिडिओतला मी बोलतच होतो.

"नाना," निकिता हळूच म्हणाली, "हा कुणी बघितला तर?"

ती एकोणीस वर्षांची आहे, माझ्यावर तिचा जीव आहे. ती फक्त विचारत होती. मीच म्हणालो, "काढून टाक तो."

"खरंच?"

"काढ म्हणतो ना! आणि तुझ्या मोबाइलमध्ये असेल तोही काढ."

तिने काढला. मी उभा राहून दोन्हीकडचा काढून घेतला. मला लाज वाटत नव्हती, नुसती भीती वाटत होती.

मग रविराजला फोन लावला. बंद. शर्यतीच्या दिवशी हाकणारे मोबाइल घरी ठेवून येतात. योगेशशेठला लावला, तो लगेच उचलला गेला. मी म्हणालो, "शेठ, कस्तुरीच्या डाव्या पायाला लेप आहे. तिला पळवू नका."

तिकडे पिपाण्या आणि भोंगे वाजत होते. शेठ शांतपणे म्हणाला, "मास्तर, हळद देवाची हाय. काल तुमीच सांगितलं सगळ्यास्नी. आज वाकडं बोलू नका, तोंड सांभाळा." आणि फोन ठेवला.

आणखी एक नंबर माझ्याकडे होता. लखनचा. तो माइकवर बसला होता, त्याला एक शब्द सांगितला असता तर माळभर ऐकू गेला असता. पण त्याने विचारलं असतं, मास्तर, तुम्हाला कसं कळलं? मी तो नंबर लावला नाही. मंडळाच्या दोघांना लावले, गर्दीत कुणी उचलले नाहीत, आणि तरीही मी लखनला फोन केला नाही.

निकिताने स्कूटर काढली. रविवारची रामकुंडाकडे येणारी गर्दी, द्वारकेला नेहमीची कोंडी, नाशिक रोडला उड्डाणपुलाखाली एक ट्रक आडवा. मी मागे बसून तिच्या खांद्याला धरलं होतं आणि दर सिग्नलला घड्याळ बघत होतो. शिंद्याच्या टोलनाक्याशी दहा वाजले. पहिला गट सुटला असणार. मोहदरीच्या घाटात निकिता म्हणाली, "नाना, तुम्ही माझा खांदा दुखवताय." मी हात सैल केला आणि पुन्हा कधी घट्ट धरला ते मला कळलंच नाही. सिन्नर सोडल्यावर मी गयावया करू लागलो, मोठ्याने. खंडोबा, तिचा नाल आत्ताच निखळू दे. टांग्याचं चाक मोडू दे. पाऊस पाड, काहीही कर. मला तिथे बोलायला लावू नकोस.

खैरीच्या माळावर पोचलो तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती. माळ माणसांनी फुलला होता. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना दोर, दोराला चिकटून माणसं, ट्रॅक्टरवर माणसं, पाण्याच्या टँकरवर माणसं. शेवटच्या रेषेजवळ मांडवात स्टेज होतं आणि टांगे सुटायची जागा तिथून पूर्ण एक किलोमीटर लांब. भोंग्यातून लखनचा आवाज आला.

"चौथा गट सुटायच्या जागेवर गेलेला हाय. दोर सोडून आत येऊ नका. भाऊ, ते लेकरू आत घ्या."

तिथवर माझ्या गुडघ्यांनी मी अकराच्या आत पोचणं शक्य नव्हतं. निकिताने गर्दीतून वाट काढली, आणि लोकांनी मला ओळखलं म्हणून वाट दिली. "मास्तर आले! मास्तर, कस्तुरीच ना?" माझ्या पाठीवर थापा पडत होत्या.

स्टेजवर लखन खुर्चीत बसला होता, काठी टेबलाला टेकवलेली. मला बघून हसला. "या मास्तर. दोन शब्द बोला तुमच्या घोडीवर." आणि त्याने माइक माझ्यापुढे सरकवला. मला काही मागावंसुद्धा लागलं नाही.

मी म्हणालो, "चौथा गट सोडू नका. कस्तुरीचा पाय दुखावलेला आहे. तिला बाहेर काढा."

माझाच आवाज माळावरून परत माझ्याकडे आला. एकदम गलका उठला. हळद पडलेल्या घोड्याबद्दल, भर माइकवर, वाकडा शब्द! कुणीतरी चप्पल फेकली, ती मांडवाच्या खांबाला लागली. योगेशशेठ स्टेजच्या पायऱ्या चढून आला, मागे त्याची दोन माणसं. "म्हातारा चळला! काल पास केली आणि आज बाद करतोय. कुणी फितवला तुला?" एकाने माझी कॉलर धरली. निकिता ओरडली. मी माइक सोडला नाही, तो सोडला असता तर मी खालीच बसलो असतो.

सुटायच्या जागेवर दुसरा माइक असतो, गाड्यांची नावं पुकारायला. त्यावरून खरखरत आवाज आला. तो रविराजचा होता.

"मास्तर, काल तर तुमीच पास केली. आज काय झालं?"

त्याला माहीत नव्हतं. हे पोर खरोखर डोळे मिटून बसलं होतं, माझ्या शब्दावर. मी म्हणालो, "रविराज, डाव्या पायाची हळद देवाची नाही. लेप आहे तो. पाण्याने धुऊन बघ."

"हळद धुवायची?" त्याचा आवाज घाबरा झाला. मागून कुणीतरी त्याला म्हणत होतं, वर बस, सुटायचा झेंडा पडतोय. "मास्तर, असं कसं? हळद कोण धुतं?"

कोणीच धुत नाही. तेच तर. इतकी वर्षं मी हेच सांगत आलो होतो, आता नुसत्या माझ्या बोलण्यावर तो देवाची हळद का धुईल? त्याला पटेल अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती आणि ती माझ्या शेजारी खुर्चीत बसली होती. मी लखनकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तोंडातून शब्द फुटला नसता.

"रविराज, ऐक," मी म्हणालो. "गेल्या वर्षी नवाबच्या पायाला हाच लेप होता. हाच पाय. मी तेव्हाही बघितला आणि त्याला देवाची हळद म्हणालो. नवाब त्या पायावर बसला. लखन प्यायलेला नव्हता. लखनची काही चूक नव्हती. मी खोटं बोललो, आणि खाली उतर बाबा, तुझ्या पाया पडतो, खाली उतर."

माझी कॉलर धरलेला हात सैल झाला. योगेशशेठ काहीतरी बोलत होता, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. भोंग्यातून नुसती खरखर येत होती. इतक्या लांबून मला ठिपक्यांएवढी माणसं दिसत होती, त्यातला कुठला ठिपका रविराज ते कळत नव्हतं. झेंडा वर होता की खाली तेही माझ्या डोळ्यांना दिसेना. मी निकिताला विचारलं, "उतरला का?" ती रडत होती, तिलाही दिसत नव्हतं.

खरखरीतून डबा आपटल्याचा आवाज आला. पाणी पडल्याचा. घोडी जोरात फुरफुरली. कुणीतरी "धर, धर तिला" म्हणालं.

मग रविराजचा आवाज आला, अगदी बारीक. "सुजलाय. लय सुजलाय, मास्तर. हात लावू देईना."

मी खुर्ची शोधली आणि बसलो. योगेशशेठ पायऱ्या उतरून गेला तेव्हा लोक त्याच्या मागे गेले, पुढे काय झालं ते मी बघितलं नाही. मंडळाचा एक जण मोटरसायकलवर सुटायच्या जागेकडे निघाला. लखनने माझ्या हातातून माइक काढून घेतला, स्वतःकडे वळवला आणि रोजच्याच आवाजात म्हणाला, "चौथ्या गटातून कस्तुरी बाद. राहिलेल्या तीन गाड्यांनी तयार व्हावं. लोकांनी दोराच्या मागं व्हावं."

गट सुटला. तीन टांगे धूळ उडवत आमच्या समोरून गेले. कोण पहिला आला हे मला आजही माहीत नाही. पंचवीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

धूळ बसल्यावर लखनने माइकचं बटण बंद केलं. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "कुठला पाय म्हणला?"

"पुढचा डावा."

त्याने आपला डावा तळहात उलटून बघितला. "मला ना मास्तर, सुटल्या सुटल्या लगाम डावीकडं ओढल्यासारखा लागला. मी म्हणलं माझाच हात जड पडला का काय. तुमी बी तेच म्हणले. मंग मी बी धरून चाललो." त्याने तळहात पँटला पुसला. "वरीसभर मी त्याच्यासाठी उपास करतो. नवाबसाठी. सोमवारी."

मी त्याची माफी मागितली. ती त्याने ऐकली की नाही कोण जाणे.

"आईला अजून वाटतं मी पिऊन बसलो व्हतो," तो म्हणाला. "तोंडानं म्हणत नाय. पण सांजच्याला घरी आलो की जवळ येऊन वास घेती." मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "तुमचा तो व्हिडिओ आसंल ना गेल्या वर्षीचा? त्यात दिसत आसंल लेप. मला पाठवा. तिला दाखवतो. गावात बी दाखवतो."

निकिताने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"नाही राहिला तो," मी म्हणालो.

"काढून टाकला? कधी?"

मला खोटं बोलता आलं असतं. वर्षभरापूर्वीच काढला म्हणालो असतो तर त्याने मान हलवली असती. "आज सकाळी," मी म्हणालो. "घाबरून."

लखन ओरडेल, काठी उगारेल, असं मला वाटलं, आणि मी मनातून तयारही झालो. त्याने काठी नुसती दुसऱ्या बाजूला टेकवून ठेवली.

"मंग तुमीच चला," तो म्हणाला. "फायनल झाली की माझ्यासंगं घरी चला. इथं जे बोलले ते तिथं बोला. नवसाबाई नाव हाय तिचं. तिला कमी ऐकू येतं, दोनदा बोलावं लागंल."

मी हो म्हणालो. लखनने माइक चालू केला आणि पाचव्या गटाची नावं वाचायला घेतली. समोर हजारो माणसं होती आणि त्यांच्यासमोर बोलून झालं होतं. आता एका म्हातारीसमोर बोलायचं होतं, तिच्या पोराच्या देखत, दोनदा, आणि दाखवायला हातात काही नव्हतं. पाचवा गट सुटला, सहावा सुटला. मी लखनशेजारी बसून राहिलो, आणि फायनल कधीच सुटू नये असं मला वाटत होतं.